भिंतीपलीकडची ओमा

मी कुणावर राग धरून बसत नाही, असं मी चारचौघांत सांगते. ते खोटं आहे. एका बाईवरचा राग मी इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवलाय, आणि ती बाई म्हणजे मेडनहेडला आमच्या शेजारी राहणारी सत्तरीची जर्मन म्हातारी. नाव एर्ना. आमची मुलं तिला ओमा म्हणायची. ओमा म्हणजे त्यांच्याकडे आजी. मुलांचं ऐकून माझा नवरा मिलिंद तसं म्हणायला लागला आणि मग मीही. सख्ख्या आजीला जे म्हणतात ते परक्या बाईला म्हणायला लागलो, तिथंच चुकलं असं मला अजून वाटतं.

आमची घरं जोडघरं होती, मधली भिंत एकच. तिच्या लाकडी तळव्यांच्या सपाता आमच्याकडे ऐकू यायच्या आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्याकडे. ती उंच होती, हाडापेरानं मजबूत. पांढरे केस कानाच्या पाळीशी सरळ कापलेले, आणि ते ती स्वतःच आरशासमोर उभी राहून कापायची. अंगात बारा महिने एप्रन. फक्त रविवारी दुपारी तो काढलेला असायचा. बव्हेरियातल्या कुठल्याशा खेड्यातून ती विशीत इंग्लंडला आली, हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागली आणि रॉन नावाच्या बस-मेकॅनिकशी लग्न करून इथंच राहिली. आम्ही आलो तेव्हा रॉनला जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. पन्नास वर्षं इथं काढूनही तिच्या इंग्रजीवरचा जर्मन शिक्का गेला नव्हता. 'व'चा 'फ' करून मला ती शेवटपर्यंत फायशाली म्हणत आली आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही.

पहिली भेट तशी भांडणाचीच. दोन हजार तीनच्या मार्चमध्ये आम्ही ते घर घेतलं. शनिवारी सामान आलं, रविवारी सकाळी मिलिंदनं शेल्फ लावायला ड्रिल काढलं. दोन भोकं पाडून होतायत तोवर बेल वाजली.

"आज रविवार आहे," दारात उभी राहून ती म्हणाली.

मिलिंदला वाटलं, म्हातारी वार विसरली असेल. "येस, संडे," तो प्रेमानं म्हणाला.

"रविवारी भिंतीला भोकं पाडत नाहीत," असं म्हणून ती गेली.

सोमवारी सकाळी दहाला पुन्हा बेल. या वेळी हातात सफरचंदाचा केक, अजून गरम. "आज सोमवार आहे. आता पाडा," ती म्हणाली. मग जाता जाता मागं वळून, "दुपारी एक ते तीन सोडून." संध्याकाळी मी हे मिलिंदला सांगितलं तर तो कपाळावर हात मारून म्हणाला, "एक ते चार बंद असणाऱ्या पुण्यातून सुटलो आणि एक ते तीन बंद असणाऱ्या बाईच्या शेजारी येऊन पडलो." केक मात्र त्यानं एकट्यानं अर्धा संपवला.

मला वाटलं, चला, ओळख झाली. पंधरा दिवसांनी होळी आली, मी पुरणपोळ्या केल्या आणि चार पोळ्या ताटलीत घालून, वर तूप सोडून, गेले तिच्याकडे. तिनं दार उघडलं, ताटली घेतली, "थँक यू" म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत ये नाही, बस नाही. मी पायरीवर तशीच. मला इतका अपमान वाटला की घरी येऊन मी उरलेलं पुरण फ्रीजमध्ये आपटलं. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून ताटली परत आली आणि तिच्यात एक चिठ्ठी होती. 'रविवार. साडेतीन. कॉफी आणि केक. चार माणसं.'

आम्ही आपल्या हिशेबानं वेळेवर, म्हणजे तीन चाळीसला गेलो. ती टेबलाशी बसलेली, केक कापून ठेवलेला, कॉफीवर कापडी टोपी. चेहऱ्यावर राग नव्हता, पण स्वागतही नव्हतं. पुढच्या वेळी आम्ही घाबरून तीन पंचविसालाच जाऊन तिच्या फाटकापाशी उभे राहिलो. ती खिडकीतून आमच्याकडे बघत होती. आम्ही तिला दिसतोय हे तिला माहीत, ती आम्हाला दिसतेय हे आम्हाला माहीत. बरोबर साडेतीनला तिनं दार उघडलं आणि जणू आत्ताच पाहिलं अशी म्हणाली, "या." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मला ती आवडायला लागली त्याचं कारण वेगळंच होतं. आमच्या गल्लीतले इंग्रज शेजारी सगळ्यालाच लव्हली म्हणत. माझा करपलेला समोसा लव्हली, माझं नवं भयाण जांभळं कार्पेट लव्हली, आमच्या तेजसनं त्यांच्या कुंडीवर बॉल मारला तेही नॉट टू वरी. वर्षभर राहूनही त्यांच्या मनात काय आहे हे मला कळलं नव्हतं. ओमा आली, कार्पेटकडे बघितलं आणि म्हणाली, "हे कुणी निवडलं? तू? मग मिलिंदनं तुला थांबवलं का नाही?" मिलिंदला ती सरळ सांगायची, "तू जाड होतो आहेस." तेजसला म्हणायची, "तू आळशी आहेस, पण मूर्ख नाहीस. म्हणून मला जास्त राग येतो." मी कोथरूडची. आमच्याकडे नवीन साडी नेसून बाहेर पडलं तर शेजारीण विचारते, सेलमधली का गं? मला ते बोलणं घरचं वाटलं. ओमा स्वतःच सांगायची, "मी तोंडावर बोलते. पाठीमागं बोलायला मला वेळ नाही." हे वाक्य मी तिच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. मी आईला फोनवर कौतुकानं सांगायचे, अगं, एक माणूस असं भेटलंय की ज्याच्या पोटात एक आणि ओठात एक नाही.

मग तिनं आमचं घर हळूहळू आपल्या सणावारांनी भरून टाकलं. आमची इरा चार वर्षांची झाली आणि शाळेत जायला निघाली, त्या सकाळी ओमा आमच्या दारात एक कागदी सुळका घेऊन उभी. लाल चमकता कागद, वर जाळीची झालर, उंची जवळजवळ इराएवढी. आत रंगीत पेन्सिली, खोडरबर, सफरचंद, चॉकलेटं. त्यांच्याकडे मूल पहिल्यांदा शाळेत जाताना हा सुळका कवेत धरून जातं. "मला मिळाला नव्हता," ओमा म्हणाली. "लढाई होती. आईनं खिशात एक नासपती घातली होती." इरा तो सुळका दोन्ही हातांनी मिठीत घेऊन, समोरचं काही न दिसता, माझ्या कोटाला खेटून शाळेत गेली. बाकीच्या आया बघत राहिल्या. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "इट्स अ जर्मन ट्रॅडिशन." म्हणजे तोवर आम्ही जर्मन झालो होतो.

डिसेंबरच्या पाच तारखेला मुलांनी आपापले बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवायचे. सकाळी त्यांच्यात सेंट निकोलस मेवा घालून जातो. पण बूट लखलखीत हवेत. इरानं बुटांना इतकं पॉलिश फासलं की मोजे आठवडाभर काळे होत होते. तेजसनं नुसती वरवर फुंकर मारली. सकाळी इराच्या बुटांत अक्रोड, संत्रं, चॉकलेटचा दाढीवाला बाबा. तेजसच्या बुटात एक कच्चा बटाटा. तेजस रडत भिंतीवर बुक्के मारायला लागला. मी तणतणत ओमाकडे निघाले तर मिलिंदनं हात धरला, "थांब, रविवारची अपॉइंटमेंट घे." पुढच्या वर्षी तेजसनं तीन दिवस आधीपासून बूट घासले, आणि सकाळी त्याच्या बुटांत मेवा इतका ठासून भरला होता की बूट ताणून सैल झाले.

नोव्हेंबरातली कंदिलांची फेरी मला सगळ्यांत जवळची. त्यांच्याकडे अकरा तारखेला सेंट मार्टिनसाठी मुलं हातात कंदील घेऊन गाणी म्हणत गावातून फिरतात. इंग्लंडमध्ये त्याच तारखेला युद्धात गेलेल्यांसाठी लोक मान खाली घालून उभे राहतात. ओमानं फेरी पुढच्या शनिवारवर ढकलली. "त्यांच्या दिवशी माझे दिवे नकोत," एवढंच म्हणाली. गल्लीतल्या अकराही घरांत ती एक कागद घेऊन गेली, मुलं दिवे घेऊन तुमच्या दारावरून जाणार आहेत, चालेल का, म्हणून सह्या घेतल्या. मी हसले. ती म्हणाली, "हसायचं काय त्यात? त्यांच्या दारावरून जाणार ना?"

कंदिलांसाठी पतंगाचा कागद हवा होता. मी तिला वेम्बलीला ईलिंग रोडवर घेऊन गेले. एका दुकानात तिला बदाम दिसले आणि कागद राहिला बाजूला. मूठभर बदाम तळहातावर घेऊन ती एकेक तपासत होती आणि गुजराती दुकानदार, "बेन, बधा सरखा छे," सगळे सारखेच आहेत, म्हणून विनवत होता. शेवटी तिनं तीन किलो घेतले. आमच्याकडे दिवाळी नुकतीच झाली होती. तिनं चीजच्या गोल डब्यांना कागद चिकटवून आपले कंदील केले आणि मिलिंदनं काड्या बांधून कागदी करंज्यांचा आकाशकंदील. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे नीट केलंस." नीट हा तिच्या तोंडचा सगळ्यात मोठा शब्द. त्या फेरीत पुढं ओमा, मागं आमची दोन, मग गल्लीतली पाच-सहा गोरी पोरं, आणि सगळ्यांत शेवटी मिलिंद, हातात आकाशकंदील उंच धरून. इरा ओमाच्या बोलीतलं गाणं तोंडपाठ म्हणत होती. माझ्या मुलीला अथर्वशीर्षाच्या दोन ओळी येत नव्हत्या आणि बव्हेरियन गाणं येत होतं. आई फोनवर म्हणाली, "काय गं, मुलं जर्मन झाली का तिकडं जाऊन?" मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. परदेशात सासर-माहेर काही नसतं. इथं भिंतीला कान लावला की एक माणूस होतं.

आता मूळ गोष्टीवर येते.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला बाबा गेले. आई पुण्यात एकटी, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले. दादा नागपूरला, त्याचं घर लहान. मी ठरवलं, आईला कायमची इकडं आणायची. विधवा आईला आणण्याचे व्हिसाचे कागद तेव्हा जमण्यासारखे होते. अडचण घराची होती. झोपायच्या तिन्ही खोल्या वर, बाथरूम वर, आणि तो इंग्लिश जिना, अरुंद आणि उभा. आईला तो चढणं शक्यच नव्हतं. म्हणून मागच्या बाजूला, खालीच, एक खोली आणि टॉयलेट वाढवायचं ठरलं. वर्षभरात आई तिच्या खोलीत, असं मी मनात पक्कं केलं होतं.

ओमाला आई येणार हे कळलं तेव्हा तिनं एक वही काढली आणि म्हणाली, "तुझ्या भाषेत शब्द सांग." या, बसा, चहा घेणार का, पाय दुखतात का. ती ते मोठ्यानं घोकायची, भिंतीतून मला ऐकू यायचं. "तुझी आई आणि मी," ती म्हणायची, "दोघी बसून तुमच्या चुका काढू." आईलाही मी सांगितलं होतं. आई म्हणाली, "मला एक मैत्रीण तरी होईल गं." आईला कुणाची मैत्रीण व्हायला बरीच वर्षं मिळाली नव्हती.

नकाशे तयार झाले. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवानगीचा फॉर्म भरायच्या दिवशी मी मिलिंदला विचारलं, "ओमाला दाखवायचा का रे नकाशा? भिंत तिच्या किचनच्या खिडकीशेजारून जातेय."

"अगं, कौन्सिल पाठवेलच नेबर्सना लेटर. प्रोसिजर आहे ती. आणि ओमाला काय वेगळं सांगायचं? ती घरचीच आहे."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. खिडकीचा विषय निघाला तर ती काहीतरी बोलेल, आणि मला त्या वेळी कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. शिवाय घरच्या माणसाला कोण कागद दाखवत बसतं? माझ्या बाबांनी गच्चीवर पत्रे घातले तेव्हा काकांना विचारलं नव्हतं.

त्यानंतर लागोपाठ काही रविवार तिनं कॉफीला बोलावलं. आम्ही गेलो. केक खाल्ला, गप्पा मारल्या, आलो. ती काही बोलली नाही.

दहा आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं. परवानगी नाकारली होती. शेजारच्या घराच्या प्रकाशावर परिणाम होतो, शेजाऱ्यांची हरकत आहे. मी तीनदा वाचलं. शेजारी म्हणजे कोण? एका बाजूला ओमा, दुसऱ्या बाजूला रस्ता. तरी मला वाटलं काहीतरी चूक असेल. मी कामावर अर्धा दिवस रजा टाकली आणि कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन फाइल मागितली. ती तिथं कुणालाही बघता येते. आत तिचं पत्र होतं. दोन पानं, तिच्या त्या टोकदार, उभट अक्षरात. डिसेंबरात तिच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते लिहिलेलं. आमच्या भिंतीची उंची, तिच्या खिडकीची उंची, हातानं काढलेली छोटी आकृती. शेवटी, परवानगी देऊ नये अशी विनंती. खाली सही.

पत्राची तारीख बघितली. त्या आठवड्यातल्या रविवारी मी तिच्या त्याच टेबलाशी बसून केक खाल्ला होता.

मी कार पार्कमध्ये बसून रडले. रडण्यापेक्षा संताप जास्त होता. अनोळखी माणसानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. ही माझ्या मुलांना मांडीवर घेऊन बसायची, माझ्या आईसाठी शब्द पाठ करायची आणि त्याच हातानं माझ्या आईची खोली पुसून टाकत होती. वर म्हणायची, मी तोंडावर बोलते.

घरी येऊन मी थेट तिची बेल वाजवली. ना रविवार, ना साडेतीन. तिनं दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

"तुम्ही लिहिलंत," मी म्हटलं.

"हो. लिहिलं."

"माझ्या आईची खोली होती ती."

"माझ्या स्वयंपाकघरासमोर भिंत होती ती," ती म्हणाली. "आणि ती मला कौन्सिलच्या पाकिटातून कळली."

"तुम्ही मला सांगू शकला असतात. आम्ही दर रविवारी येत होतो तुमच्याकडे."

"हो," ती म्हणाली. "दर रविवारी येत होता."

मला त्यात काही अर्थ दिसला नाही. मला तो सरळसरळ कोडगेपणा वाटला. मी म्हटलं, "यापुढं माझ्या मुलांना हाक मारू नका." आणि या वेळी दार मी लावलं, म्हणजे तिच्याच घराचं दार, बाहेरून ओढून. आता हसू येतं.

मिलिंद म्हणाला, खोली लहान करून परत अर्ज टाकू. टाकलाही असता. पण दुसरे नकाशे होईपर्यंत आई पुण्यात बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी विमानाचा प्रवास नको म्हणून सांगितलं आणि दादा येऊन तिला नागपूरला घेऊन गेला. व्हिसाचे कागद ड्रॉवरमध्ये राहिले. आई म्हणाली, "जाऊ दे गं, तुमच्याकडे थंडी फार." मी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पलीकडे सपाता वाजत होत्या.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. जोडघरात न बोलणं फार कष्टाचं असतं. ती कपडे वाळत घालायला आली की मी आत, मी आले की ती आत. मुलांना मी सक्त ताकीद दिली होती. पहिल्या डिसेंबरात इरानं मला न सांगता बूट पॉलिश करून दाराबाहेर ठेवले. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर बूट भरलेले. अक्रोड, संत्रं, बदामाची अर्धचंद्राची बिस्किटं. मी ते सगळं एका पिशवीत भरलं आणि तिच्या पायरीवर नेऊन ठेवलं. वळले तर इरा जिन्यात उभी, सगळं बघत. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सात वर्षांची पोर. तेजस म्हणाला, "आई, दॅट वॉज मीन." मी म्हटलं, "तिनं जे केलं ते मीन नाही का?" तो म्हणाला, "ती पण मीन होती. तू पण."

दोन हजार नऊच्या मेमध्ये एका शनिवारी तिच्या दाराशी व्हॅन लागली. तिच्या बहिणीचा मुलगा जर्मनीहून आला होता. घर विकलं होतं, तो तिला गावी न्यायला आला होता. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी पुढच्या बागेत उगाच कात्री घेऊन उभी होते. ती दारात आली. काठी लागली होती, गालांची हाडं वर आली होती.

"तुझी आई कशी आहे?" तिनं विचारलं.

"ती येणार नाही आता. पडली. दोन वर्षं झाली."

तिला ते माहीत नव्हतं. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "आमच्या गावात कुणाला घर वाढवायचं असलं की तो नकाशा घेऊन शेजाऱ्याकडे येतो. टेबलावर पसरतो. शेजारी कॉफी ठेवतो. मग बोलतात, भांडतातही, आणि शेवटी शेजारी नकाशावर सही करतो. तो कायदाच आहे तिकडं. पण कायदा नसता तरी लोक आले असते. मी केक करून ठेवत होते. दर रविवारी मला वाटायचं, आज मिलिंदच्या हातात कागद असेल. तुम्ही यायचात, तेजसच्या फुटबॉलचं बोलायचात आणि जायचात. मग मला वाटलं, ही माणसं मला शेजारीण समजतच नाहीत."

"आम्ही तुम्हाला घरचं समजत होतो," मी म्हटलं. मला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं. "कागद आणला असता तर सही केली असतीत?"

"नाही," ती लगेच म्हणाली. "त्या भिंतीवर मी सही केली नसती. मी तुला हे दाखवलं असतं. ये."

ती मला आत घेऊन गेली. आम्ही तिच्याकडे नेहमी स्वयंपाकघरात बसायचो, त्यापलीकडे घर मी पाहिलंच नव्हतं. मधल्या बोळात एक दार होतं, ते तिनं ढकललं. खालचीच खोली, बागेकडे मोठी खिडकी, पलंग अजून उचलायचा होता. पलंगाशेजारी भिंतीला धरायचा दांडा. आतल्या बाजूला बाथरूम, दार रुंद, उंबरा नाही, बसून अंघोळ करायला स्टूल. रॉन शेवटचं वर्ष तिथं होता.

"मी म्हणणार होते, तुझ्या आईला इथं ठेव," ती म्हणाली. "दिवसा तुझ्याकडे, झोपायला इथं. मधे एकच भिंत. पण लेक-जावई शेजारी असताना, आईला माझ्या घरी ठेवा, असं आपणहून कसं म्हणायचं? तुमच्यात त्याचा अर्थ काय होतो, मला माहीत नव्हतं. तू कागद घेऊन आली असतीस तर बोलणं निघालं असतं."

मी त्या दांड्याला धरून उभी राहिले. राग गेला नाही, खोटं कशाला सांगू. उलट उसळून आला. "सगळं तोंडावर बोलता ना तुम्ही?" मी म्हटलं. "मग एवढं एक का नाही बोललात? माझं कार्पेट वाईट आहे हे सांगायला तुम्हाला बोलणं निघावं लागलं नाही."

तिनं बाथरूमचं दार ओढून घेतलं. "मला लागलं होतं," ती म्हणाली. "लागलं की मला बोलता येत नाही. मी पत्र लिहिलं."

भाचा दारात येऊन उभा राहिला, पलंग न्यायचा होता. आम्ही दोघी बाजूला झालो. तासाभरानं तिला त्यानं गाडीत बसवलं. तिनं स्वतःच पट्टा लावला, दोनदा ओढून पाहिला, पर्स मांडीवर सरळ ठेवली आणि समोर बघत बसली. इरा खिडकीतून हात हलवत होती. ओमानं तो पाहिला की नाही, मला माहीत नाही. गाडीनं कोपऱ्यावर इंडिकेटर दिला, रस्ता पूर्ण मोकळा होता तरी थांबली, आणि वळून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला फोन केला. आईनं विचारलं, "ती तुझी जर्मन बाई गेली म्हणे. मिलिंदराव सांगत होते. काही बोलली का जाताना?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

"तिच्यामुळंच माझं यायचं राहिलं बघ," आई म्हणाली.

मी हो म्हटलं.